मुळातकाका

भिलाईच्या सेक्टरांतल्या मराठी घरांत कोजागिरीला दूध आटतं. एका घरात दुधाबरोबर ‘तुंबाड’ हा सिनेमाही लागतो. हे घर मुळातकाकांचं. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर असेलच, पण प्रत्येक वाक्य ‘मुळात’नं सुरू होत असल्यामुळे कॉलनीतल्या पोरांनी त्यांचं नव्यानं बारसं केलं आणि काकूंनीही ते मुकाट्यानं मान्य केलं.

दिवस त्यांनी विचारपूर्वक निवडलाय. ‘मुळात त्या रात्री लक्ष्मी विचारत फिरते ना, कोण जागं आहे म्हणून? मग जागं ठेवणारंच काहीतरी लावायला पाहिजे. आणि फुकटच्या मोहरांनी माणसाचं काय होते, तेही पोरांनी पाहून घ्यावं.’ सिनेमा पहिल्यांदा लागला १२ ऑक्टोबर २०१८ ला, म्हणजे हंगामही तोच.

राही अनिल बर्वे यांनी पावसाळे गाठून गाठून, कित्येक वर्षं खपून केलेला हा पावणेदोन तासांचा सिनेमा काकांच्या हॉलमध्ये साडेतीन तास चालतो. रिमोट त्यांच्या मांडीवर आणि अंगठा पॉजवर. पहिला मुक्काम आजीपाशी. १९१८ साल, आई धाकट्याला घेऊन गेलेली, सिनेमाचा नायक विनायक, तेव्हा पोरगाच, घरात एकटा आणि आतल्या खोलीत साखळदंडातली आजी. ती डोळे उघडते न उघडते तोच पडदा थिजतो. ‘मुळात ही नारायण धारपांची “आजी”. कथा वाचलीय का कोणी?’ कोणी वाचलेली नसते. काका कपाटातल्या रिकाम्या फटीकडे बोट दाखवतात. धारपांचा तो संग्रह सेक्टर ६ मध्ये कुणीतरी वाचायला नेला, तो नेलाच. मग दिवा मालवून, उभं राहून, आवाज खाली आणून ते अख्खी कथा सांगतात. खरं सांगायचं तर त्यांचं सांगणं सिनेमापेक्षा भीतिदायक आहे. पण सिनेमा पुन्हा सुरू होतो तेव्हा दचकायला काही उरलेलंच नसतं. त्यातून एखादा दचकलाच, तर मेकअपखाली मोहम्मद समद नावाचा मुलगा आहे आणि पुढे विनायकाचा पोरगाही तोच झालाय, हे काका त्याला लगेच सांगून टाकतात. एकदा शेजारच्या बाई आजीला पाहून ‘टोनही’, म्हणजे चेटकीण, म्हणाल्या, तेव्हाही पॉज. ‘असं म्हणायचं नाही. छत्तीसगढमध्ये २००५ पासून कायदा आहे.’

आजीपाशी धारप संपतात. सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून आलेलं, हस्तर नावाचा हावरा देव, त्याची विहीर आणि मोहरा हा सिनेमावाल्यांचा कारभार. दुसरा कोणी असता तर आता गप्प बसून दूध प्यायला असता. पण काकांचा जन्म स्टील प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसवर गेलाय.

मोहरांसाठी विनायक विहिरीत उतरला की पुन्हा पॉज. ‘हे पहा, एकटा माणूस दोरावर खाली उतरून राहिला. हेल्मेट नाही, सेफ्टी बेल्ट नाही, वर दुसरा माणूस नाही. आत गॅस आहे की नाही ते पाहिलं नाही. याला परमिट दिलं कोणी?’ हस्तरला ते माफ करतात, कारण तो निदान आपली जागा सोडून हिंडत नाही. विनायकानं स्वतःभोवती पिठाचं रिंगण घातलं की मात्र मान डोलते. ‘बॅरिकेडिंग केलं, हे चांगलं.’ विनायक पोराला विहिरीत उतरायचं शिकवतो, तेव्हाही काका खूश. ट्रेनिंग नीट झालं पाहिजे! हस्तरला भुलवायची कणकेची बाहुली कशी करतात ते दाखवायला ते स्वयंपाकघरात जाऊन परातीतला गोळा उचलतात. ‘तो परत द्या, चार पुऱ्या कमी पडतील,’ आतून काकू.

१३ सप्टेंबर २०२४ ला सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. काकाही थिएटरात जाऊन आले. ‘कसा वाटला?’ विचारल्यावर म्हणाले, ‘पॉजच नाही. समजणार कसं?’

गेल्या कोजागिरीला नववीतल्या एका पोरानं मोबाइलवरून बॉम्ब टाकला. ‘काका, धारपांची आजी भी ओरिजिनल नहीं है. स्टीफन किंगची “ग्रॅमा” आहे, तिच्यावरून घेतली.’ हॉल शांत. ‘मुळात...’ म्हणून काका थांबले. काकूंनी ही संधी साधून दूध वाटून घेतलं. पेला अर्धा झाल्यावर वाक्य पूर्ण झालं. ‘मुळात म्हातारी किंगची असेल. पण तिला नऊवारी धारपांनी नेसवली.’ पोरानं मोबाइल खिशात घातला.

‘तुंबाड’ एकदा काकांकडे पाहावा आणि एकदा घरी, दार लावून. आणि सेक्टर ६ मधल्या ज्या कुणाकडे धारपांचा तो संग्रह पडला असेल, त्यांनी यंदाच्या कोजागिरीच्या आत आणून द्यावा ही विनंती. कुणी उशिराचं कारण विचारणार नाही, दूधही मिळेल. सिनेमाला बसायची सक्ती होणार नाही, एवढी हमी मात्र मला देता येत नाही.