भरवशाचं शून्य

लग्न जुळवणाऱ्या मावशी ‘मुलगा भरवशाचा आहे हो’ असं म्हणाल्या की ओळखावं, मुलाला टक्कल आहे. देखणा असता तर तसं म्हणाल्या असत्या, पगार बरा असता तर आधी आकडाच सांगितला असता. सांगण्यासारखं दुसरं काही उरलं नाही की माणूस भरवशाचा होतो. सासरी माझी शिफारस याच शब्दांत झाली होती, हे मेहुणीने मला सांगितलं. तेही लग्नाच्या अक्षता पडल्यावर.

दुसऱ्या टोकाला विजेच्या नोटिशीतला ‘आपला विश्वासू’. वर ‘पंधरा दिवसांत थकबाकी न भरल्यास पुरवठा खंडित करण्यात येईल’, खाली ‘आपला विश्वासू’, आणि त्याखाली ब्रह्मदेवालाही न लागणारी सही. लोक याला हसतात. मी हसत नाही. सोळाव्या दिवशी सकाळी वायर तोडायला माणूस हजर असतो. आणखी विश्वासू म्हणजे कसं असायचं?

आपण भरवशाचा म्हणजे चांगला असं धरून चालतो, सगळा घोळ तिथेच होतो. आमचे थोरले मेहुणे कुठेही दीड तास उशिरा येतात. पाऊण नाही, दोन नाही, दीड. बाराची पूजा असेल तर त्यांना साडेदहा सांगायचं. आरतीला टाळ त्यांच्याच हातात. घरची बारशी, मुंजी, सत्यनारायण सगळं या दीड तासावर सुरळीत पार पडलेलं आहे. धाकटे मेहुणे मात्र कधी वेळेवर येतात, कधी तासाने, कधी दुसऱ्या दिवशी. नातेवाईक त्यांनाच ‘तसा वक्तशीर’ म्हणतात. त्या ‘तसा’ने आमची कितीतरी जेवणं गार केली आहेत.

भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं आपण म्हणतो. पण पारडीच देईन असं म्हशीने कुणाला स्टँपपेपरवर लिहून दिलं होतं? भरवसा ठेवला मालकाने आणि पिढ्यान्‌पिढ्या बदनाम झाली म्हैस.

क्रिकेटमध्ये हेच चालतं. ‘भरवशाचा फलंदाज’ हे शब्द वर्तमानपत्रात हटकून कधी दिसतात? तो बाद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या मते भारताचा सगळ्यात भरवशाचा फलंदाज, निदान ऑस्ट्रेलियाविरुद्ध, अजित आगरकर. १९९९-२०००च्या दौऱ्यात सलग ५ कसोटी डावांत शून्य. कुणी म्हणेल, परका मुलूख, उसळणारे चेंडू. म्हणून २००१मध्ये घरच्या वानखेडेवर, घरच्या माणसांसमोर, त्याने पुन्हा दोन्ही डावांत शून्यच काढलं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ओळीने सात! इंग्रजी पेपरवाल्यांनी त्याला ‘बॉम्बे डक’ म्हटलं, म्हणजे मराठीत सरळ बोंबील. तो खेळायला निघाला की आमच्या चाळीत चहाचं आधण चढायचं आणि उकळी फुटायच्या आत तो परत आलेला असायचा. गॅसची अशी बचत दुसऱ्या कुणी करून दाखवली नाही.

आणि याच माणसाने २००२मध्ये लॉर्ड्सवर, आठव्या क्रमांकावर जाऊन, नाबाद १०९ केले. त्या मैदानावर सचिनला कसोटी शतक कधीच साधलं नाही. दोघंही आचरेकर सरांचेच शिष्य. ज्याच्यासाठी आम्ही हातातली कामं टाकून टीव्हीसमोर बसायचो, त्याने तिथे निराश केलं. आणि ज्याच्यावर चहा ठेवून निर्धास्त असायचो, त्याच्यापायी त्या दिवशी आधण आटून पातेलं करपलं. सामना आपण हरलोच, ती गोष्ट वेगळी.

तेव्हापासून सुधारणाऱ्या माणसांची मला धास्ती वाटते, आणि ती अनाठायी नव्हती. थोरल्या मेहुण्यांना त्यांच्या लेकीने वाढदिवसाला एक घड्याळ दिलं, वेळ झाली की मनगटावर थरथरणारं. परवा आमच्याकडे सत्यनारायण. भटजी बाराला यायचे, मेहुण्यांना रिवाजाप्रमाणे साडेदहा सांगितलेले. साडेदहाच्या ठोक्याला बेल वाजली. मी अंगाला साबण लावून बसलो होतो, चौरंग माळ्यावर होता आणि प्रसादाचा रवा अजून वाण्याकडे. बायकोने दार उघडलं, मेहुण्यांकडे नखशिखांत पाहिलं आणि घाबरून म्हणाली, “दादा, तुला बरं वाटत नाहीये का?”