आत्याबाईंची सीडी

लग्नाचं शूटिंग आता ड्रोनवरून होतं, फोर-केमध्ये वरमाईच्या नथीतले मोती मोजता येतात. पण आत्याबाईंचा हट्ट एकच, ‘आम्हाला सीडी द्या.’ मग एखादा हुशार भाचा एमपी-फोर फाइल उचलून डीव्हीडीवर कॉपी करतो आणि टीव्हीखालचा जुना प्लेअर मख्खपणे सांगतो, ‘नो डिस्क’. त्या बिचाऱ्याचं शिक्षण १९९६ सालच्या अभ्यासक्रमाचं. त्याला एमपेग-२ लागतं, ७२० बाय ५७६चं चित्र लागतं, व्हिडिओ-टीएस नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी फाइली ओळीने बसलेल्या लागतात. वर डिस्क ‘फायनलाइज’ केली नसेल तर हे महाशय तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

पुढचं संकट जागेचं. ४.७ जीबीत पाच तासांचं लग्न कोंबलं की सप्तपदीला नवरानवरी नाही, चौकोनी ठोकळे चालताना दिसतात. जेवणाच्या पंगती मात्र अख्ख्या ठेवाव्या लागतात. कुणाला कापलं तर पुढच्या लग्नाला तो येणार नाही! (मंगलाष्टकं कापली तर कुणी विचारत नाही.)

तेव्हा भाच्यांनो, एका डिस्कवर दोन तासच घ्या, बर्नचा वेग कमी ठेवा, आणि आत्याबाई जेवतानाचा भाग पहिल्या डिस्कवर टाका. दुसरी कुणी लावत नाही.