मोराची चिंचोली आणि आमचं पथ्यपाणी

आमच्या घराण्यात सगळं खाणारा माणूस आता मी एकटाच उरलो आहे. पूर्वी हे कौतुकानं सांगितलं जायचं. "ह्याचं काही नाही हो, पुढ्यात येईल ते खातो." आता तेच वाक्य डॉक्टरांना सांगतात, आणि सांगताना माझ्या पोटाकडं बघतात.

बाकीच्यांची यादी अशी. वहिनी घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, जैन व्यापारी घरातल्या. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा बंद आणि सूर्य मावळला की पाणीसुद्धा बंद. आत्याची संकष्टी. ती चंद्र दिसल्याशिवाय सोडायची नाही. दाजी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी. दिवसात दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं. त्यासाठी ते पहिल्या घासाला मोबाईलवर घड्याळ लावतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्यांच्याशी कुणी बोलायचं नसतं. दादाला तिखट सोसत नाही. आणि ताईची अकरा वर्षांची लेक, आमची छोटी, हिला सीलिॲक आहे. म्हणजे गहू, मैदा, रवा, सातू काही काही चालत नाही, आयुष्यभर.

अशा मंडळींना घेऊन एक दिवसाची सहल काढायची ठरली. मुलांना खोपोलीजवळच्या इमॅजिकात जायचं होतं. पण मोठ्या पार्कांत बाहेरचा डबा दारावरच काढून घेतात असं ताईनं कुठंतरी ऐकलेलं. छोटीचा डबा काढून घेणार म्हणजे छोटीचं जेवणच काढून घेणार. तेव्हा पाळणे नकोत, उंचावरून पाण्यात पडणं नको, आपल्याच जिल्ह्यातलं काहीतरी बघू, असं म्हणत आम्ही शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीवर आलो. तिथली कृषी पर्यटन केंद्रं आता चांगलीच नावारूपाला आली आहेत. सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आणि ज्या बैलगाडीतून उतरून आमच्या पिढीनं यष्टी गाठली, तिच्यात पुन्हा बसायला माणशी पैसे मोजायची सोय झाली. बैलगाडी, झोके, ट्रॅक्टरची फेरी, पावसाचा नाच, विहिरीत डोकावणं. ही आमच्याकडची खरी जत्रा-बाग. शिवाय पौष महिना, हुरड्याचे दिवस.

जेवणाचं वेळापत्रक मी करणार हे कुणी न सांगता ठरलं. मी दौंडचा. जंक्शनच्या गावात वाढलेल्या माणसाला वेळापत्रक दिसलं की बरं वाटतं. पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन वर्षानुवर्षं आमच्या स्टेशनात काढून उलट्या टोकाला लावायचे, त्यामुळं पुढं जाण्याआधी थोडं मागं जाणं हे आम्हाला गैर वाटत नाही. मी मोठा कागद घेतला, रकाने पाडले. वहिनींचं जेवण सव्वासहाच्या आत, आत्याचं नऊच्या पुढं. दोघींच्या मधल्या वेळेत दाजींची ५५ मिनिटं बसत होती, आणि दाजी म्हणाले, त्यांचं दुसरं जेवण साडेसातला असतं आणि ते हलत नाही. "आणि ह्यांचं?" असं हिनं विचारलं. माझ्या नावापुढचा रकाना मी मोकळा ठेवला होता.

खरी मेख छोटीची. वाटायला ते सगळ्यांत सोपं. तिला सोसत नाही ते गव्हातलं ग्लुटेन. ते ज्वारीत नाही, बाजरीत नाही, नाचणी-तांदळात नाही. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं तेव्हा मी छोटीला म्हटलं होतं, बघ, तुझ्यासाठी जगानं वर्ष काढलं. पण ज्वारी गिरणीत जाते, आणि तिच्याआधी त्याच गिरणीत कुणाचे तरी गहू गेलेले असतात. दगडात गव्हाचं पीठ, पिशवीत गव्हाचं पीठ, गिरणीवाल्याच्या भुवयांवर गव्हाचं पीठ. आपल्याकडचा अन्नाचा कायदा सांगतो की किलोमागं २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असेल तरच त्याला ग्लुटेनमुक्त म्हणायचं. २० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटसुद्धा नाही. हे मी आमच्या गिरणीवाल्याला समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पांढरंच आहे की दोन्ही."

शेवटी दाजींनी केडगावात ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी असलेला माणूस शोधला. पहिला किलोभर घाण गुरांना टाकायचा, मग आपलं दळण, तेही घरच्या धुतलेल्या डब्यात. ते सहलीच्या सकाळीच मिळणार होतं. म्हणून ठरलं असं, की आम्ही सगळे गाडीनं पुढं जाऊन रांजणगावला संकष्टीचं दर्शन उरकायचं, आणि भाच्यानं मोटरसायकलवरून पीठ, नवा तवा आणि उलथनं घेऊन आम्हाला रांजणगावच्या देवळापाशी गाठायचं.

चौफुल्यावरून केडगाव, पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका संपला, मग न्हावरा, शिरूर. उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत गेलो. रांजणगावचा महागणपती अष्टविनायकांतला, त्रिपुरासुराला मारण्याआधी शंकरानं इथं गणपतीला पुजलं अशी कथा आहे. रांगेत उभं राहून मला एवढंच आठवतंय की पुढच्या बाईच्या पिशवीत पेढे होते.

दर्शन झालं. भाचा नाही. फोन लावला.

"मामा, मी देवळापाशीच आहे. तुम्ही कुठं?"

"आम्हीपण देवळापाशी. गर्दीत दिसत नसशील."

"गर्दी? इथं कुणीच नाही. एकदम मस्त वाटतंय. नदीवरून वारा येतोय."

मी फोन कानाला धरून दोन्हीकडं पाहिलं. पुणे–नगर रस्ता, एमआयडीसीच्या बस, नारळवाले. "कुठली नदी रे?"

"दोन आहेत मामा. संगम आहे."

शिरूर तालुक्यात रांजणगावं दोन आहेत. एक गणपतीचं. दुसरं रांजणगाव सांडस, जिथं मुळा-मुठा येऊन भीमेला मिळते. फोनच्या नकाशाला नुसतं रांजणगाव सांगितलं, त्यानं जवळचं दाखवलं. संकष्टीच्या दिवशी अष्टविनायकाच्या गावी चिटपाखरू नाही, याचं ज्याला नवल वाटत नाही तो मुलगा इंजिनियरिंगला आहे. "तिथंच थांब," असं मी ओरडलो. "थांबू नको, नीघ," असं ताई ओरडली. त्यानं दोन्ही ऐकलं असावं, कारण त्यानंतर त्याचा फोन लागेना.

पीठ संगमावर आणि आम्ही चिंचोलीत. केंद्राच्या दारात फेटे बांधले, कपाळाला गंध लावलं, चुलीजवळ मालकांशी बोलणी सुरू झाली. वहिनींचं जैन जेवण म्हटल्यावर मालक हसले. "काळजीच नको. रोजचंच आहे. पिठलं बिनकांद्याचं, सूर्य मावळायच्या आत ताट." आत्याची संकष्टी म्हटल्यावर स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी विचारलं, "भगर करू का साबुदाणा? शेंगदाण्याची आमटी चालंल ना?" दाजींच्या ५५ मिनिटांनासुद्धा मालकांनी मान डोलावली, त्यांचा मेहुणा तेच करतो म्हणे. मग मी छोटीचं सांगितलं.

"गहू नाही चालत? चपाती नका देऊ तिला."

"नुसती चपाती नाही. चपातीचं पीठ लागलेला हात, पोळपाट, तवा, काहीच नाही."

मालक छोटीकडं बघून मायेनं म्हणाले, "एवढ्याशानं काय होतंय?"

हे वाक्य मी आजवर लग्नांत, मुंजींत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, नात्यातल्या शहाण्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. ऐकलं की माझं डोकं फिरतं. एवढ्याशानं पोटात मुरडा येतो, चार-चार दिवस शाळा बुडते, आतड्याचं अस्तर झडतं, पोर वाढायची थांबते. विलेम कारेल डिके नावाचा एक डच बालरोगतज्ज्ञ होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, युद्धामुळं हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, गावं उपाशी. आणि या दुखण्याची मुलं त्या दुष्काळात सुधारली! पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. सगळा देश पावाची वाट बघतोय आणि या पोरांना पावानंच मारलं होतं. १९५० साली त्यानं त्यावर प्रबंध लिहिला. हे सगळं मी फेटा बांधलेल्या अवस्थेत चुलीपुढं उभं राहून मालकांना सांगत होतो. मालक अदबीनं ऐकत होते आणि मधूनच "हॉलंड का!" म्हणत होते.

छोटीनं माझी बाही ओढली. "मामा, जाऊ दे. मला भूक नाहीये."

हे तिचं नेहमीचं. वाढदिवसाला केक कापतात तेव्हा तिला भूक नसते. वर्गात कुणी डबा उघडून पुढं केला की नुकतंच जेवून आलेली असते. अकराव्या वर्षी पोरीला इतक्या सफाईनं खोटं बोलता येतं, आणि आम्ही मोठी माणसं तिला समजूतदार म्हणतो.

तेव्हा आत्या पुढं झाली. सकाळपासून चहावर होती, आवाज चढलेला होता. मावशींना म्हणाली, "बाई, पोरीला गव्हाचं व्रत आहे."

मावशींच्या हातातलं पातेलं खाली आलं. "कडक?"

"लई कडक. गव्हाचा कणसुद्धा शिवायचा नाही."

"मग आधी सांगायचं न्हाई का!" मावशी उठल्या. चूल सारवली. परात राखेनं घासली, वरून गरम पाण्यानं काढली. हात कोपरापर्यंत धुतले. चपात्या करणाऱ्या सुनेला म्हणाल्या, "तू पलीकडं बस, इकडं पीठ उडवू नकोस." मिठाचा डबा नवा फोडला. पिठल्याच्या फोडणीत हिंग पडणार एवढ्यात छोटीनं डबीमागचं बारीक अक्षर वाचलं. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे शंभरांतल्या नव्वदांना ठाऊक नसतं. मावशींनी डबी सरळ कोनाड्यात उलटी ठेवली. "व्रताला हिंग नको." हॉलंडच्या दुष्काळानं जे झालं नव्हतं ते एका शब्दानं झालं. देवाचं पथ्य असलं की आपलं सगळं गाव पदर खोचतं. डॉक्टरचं असलं की आपल्याला वाटतं, पोरीचे लाड आहेत.

उरला पिठाचा प्रश्न. मालकांना हुरूप आला. अंगणात शहरातल्या बायकांना फोटो काढायला एक जातं मांडलेलं होतं. "ह्याच्यावर दळू ज्वारी! साहेब ओढतील." माझ्या देहयष्टीचा हा पहिलाच रास्त उपयोग. मी मांडी घालून बसलो, खुंटा धरला. छोटीनं विचारलं, "काका, यावर आधी काय दळलं होतं?" काल शाळेची सहल आली होती. पोरांनी हौसेनं गहू दळले होते. मला उठवायला दोघं लागले.

पण हुरड्याला दळण लागत नाही. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव फुललेला, त्यात ज्वारीची कणसं खुपसलेली. गडी भाजलेलं कणीस हातावर चोळायचा आणि हिरवे लुसलुशीत दाणे आमच्या पुढ्यात पडायचे. ज्वारी ही तरी हुरड्याची खास, गूळभेंडी. कुठल्या चक्कीतून आलेली नाही, कुणाच्या भुवयांवरून झडलेली नाही. वहिनींनी लसणाची चटणी बाजूला सारून दही घेतलं. दाजींनी घड्याळ लावलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हुरडा हे जेवण धरलं तर पुढचं पिठलं हुकतं आणि नाही धरलं तर नियम मोडतो. ते उठून विहीर बघायला गेले. आत्या ज्वारी धान्य म्हणून खाईना, ती भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीवर तुटून पडली. उपवास असलेल्या माणसांत सगळ्यांत जास्त तीच जेवली. छोटी मात्र सगळ्यांच्या मधे बसून, सगळ्यांच्याच पत्रावळीतलं खात होती. स्वतःचा डबा नाही, वेगळी ताटली नाही. एकदा तिनं माझ्या हातातले दाणे उचलून तोंडात टाकले आणि मग दचकून विचारलं, "यात काही नाही ना?" मी म्हटलं, "काही नाही गं. नुसती ज्वारी." मला एकदम धूर लागला डोळ्यांना.

तेवढ्यात गड्यानं खास म्हणून हिरव्या ओंब्या आणल्या. "साहेब, गव्हाच्या! ह्याच आगटीत भाजतो." ताई, दादा, ही आणि मी एकदम किंचाळलो. जवळच्या चिंचेवरचा मोर उडाला. चिंचोलीतला तो एकमेव मोर आम्ही पाहिला, तोही पाठमोरा.

भाचा चार वाजता आला. वाटेत ट्रॉल्या, फोनची बॅटरी संपलेली, गाडीत पेट्रोल कमी. पिठाचा डबा मात्र त्यानं पोटाशी बांधून आणला होता. मावशींनी नव्या तव्यावर भाकरी टाकल्या, टम्म फुगल्या. वहिनींनी सूर्य बघत पहिली खाल्ली, दुसरी छोटीनं पिठल्याशी. मग दादानं मागितली, दाजींनी घड्याळ न लावता मागितली, भाच्यानं तीन घेतल्या. सगळ्यांना आता व्रताचीच भाकरी हवी होती. माझ्यासाठी सकाळच्या चपात्या होत्या.

निघताना मावशी छोटीजवळ आल्या. "व्रताचं उद्यापन कधी गं?"

छोटी हसली. "नसतं त्याला, मावशी. चालूच राहतं."

मावशी क्षणभर गप्प झाल्या. "मग पुढच्या वर्षीबी या. ह्यो तवा ठेवूनच जा, दुसऱ्या कुणाला देत न्हाई." आणि माझ्याकडं वळून हिला विचारलं, "ह्यांचं काय पथ्य हाय म्हनं?"

"ह्यांचं काही नाही," ही म्हणाली. "ह्यांना उरलेलं चालतं."