पक्की सीट, कच्चे पेपर

खातेगांवात फेब्रुवारीच्या मध्यावर हरभरा काढणीला येतो आणि जेईई मेनच्या जानेवारी फेरीचा निकाल लागतो. ज्या घरात पर्सेंटाइल बरा निघाला, त्या घरच्या चिरंजीवांना त्याच संध्याकाळी भोपाळच्या एनआयटीत, म्हणजे मॅनिटमध्ये, प्रवेश मिळतो. म्हणजे खरं तर एप्रिलची फेरी बाकी असते, रँक लागायचा असतो, जागावाटप पार जूनमध्ये. पण बसस्टँडवरच्या पोहेवाल्याने "भिया, भोपाल पक्का!" म्हटल्यावर सरकारी जागावाटपाला विचारतो कोण? पेढे वाटले जातात, पुण्याच्या आत्याला फोन जातो आणि होळकरशाहीपासून माळव्यात मुरलेलं ते मराठी घर कृतार्थ होतं.

चिरंजीव गेली दोन वर्षं कोचिंगसाठी इंदूरला भंवरकुआंला खोली करून राहिलेले. शाळेच्या हजेरीपटावर मात्र ते रोज खातेगांवात होते. आता बोर्डाच्या पेपरांपुरते इंदूरच्या तीन इमली स्टँडवरून बस पकडून आलेत. "बोर्ड काय, फॉर्मॅलिटी आहे," असं आल्याआल्या सांगून झालंय.

घरात एक आजोबा असतात. निवृत्त आहेत, त्यामुळे ते छापील कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.

"यात बारावीला पंचाहत्तर टक्के हवेत असं लिहिलंय रे."

नियम खराच आहे. एनआयटी-आयआयटीत जायचं तर बारावीला 75 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 65, नाहीतर आपल्या बोर्डाच्या पहिल्या वीस पर्सेंटाइलमध्ये नाव. कोरोनाच्या काळात अट बाजूला ठेवली होती, 2023 पासून ती परत आली. पाच विषय, पाचशे गुण, म्हणजे 375. आणि या पाचांत हिंदी आहे.

फिरत्या चाकाचा जडत्व आघूर्ण झोपेत काढणारा हा गडी हिंदीपुढे हतबल होतो, याचं कारण साधं आहे. दोन वर्षांत त्याने एकही सलग वाक्य लिहिलेलं नाही. मध्य प्रदेश बोर्डाला रस, छंद, अलंकार लागतात, पत्र लागतं, निबंध लागतो. पेपरच्या आदल्या रात्री आई पुस्तक धरून बसते. "सांग, करुण रसाचा स्थायीभाव काय?"

"ऑप्शन दे ना."

"यात ऑप्शन नाहीत."

"मग कसं सांगू?"

याच सुमारास त्याला रसायनशास्त्राच्या सरांबद्दल आदर वाटू लागतो. प्रॅक्टिकलचे तीस गुण शाळेच्या हातात असतात. सर भाजी घेताना दिसले की हा रस्ता ओलांडून नमस्कार करतो. सर आशीर्वाद देतात आणि विचारतात, "कोणाचा रे तू?"

पेपर संपतात आणि खरा अभ्यास सुरू होतो. बियाण्याच्या दुकानाच्या कॅलेंडरमागे आकडेमोड चालते. सढळ हाताने तपासलं तर 391, कडक तपासलं तर 352, आणि मन घट्ट करून खरं खरं मांडलं तर दरवेळी 368. निबंधात नर्मदेवर दोन पानं लिहिली, त्याचे सात जास्त धरायचे की नाही, यावर रात्रीचे दोन वाजतात. जेईईच्या आदल्या रात्री हा घोरत होता. तेव्हा हरायला काही नव्हतं. आता पेढे वाटून झालेत, आणि वाटलेले पेढे परत मागायची पद्धत आपल्याकडे नाही.

एप्रिलमध्ये त्याला वीस पर्सेंटाइलची पळवाट दिसते आणि मुलगा बिघडतो. माझ्या मते नियम करणाऱ्यांनी या परिणामाचा विचार केलेला नसावा. या वाटेने सुटायचं तर स्वतःला किती पडले हे पुरत नाही, बाकीच्यांना कमी पडावे लागतात. मग हा कन्नौदच्या मित्राला आपुलकीने फोन करतो. "मॅथ्स कसा गेला?" "वाट लागली यार." "अरेरे," असं हा अशा आवाजात म्हणतो की आई स्वयंपाकघरातून विचारते, "काय रे, काय मिळालं?"

पुण्याचा आतेभाऊ यात तेल ओततो. महाराष्ट्रात सीईटीने इंजिनीअरिंगला जायचं तर खुल्या गटालाही बारावीच्या भौतिक-रसायन-गणितात 45 टक्के पुरतात. "आमच्याकडे पंचेचाळीसवर भागतं बरं का!" चिरंजीव फोन ठेवतात आणि आपल्या पूर्वजांनी पुणं सोडून माळव्यात यायची काय गरज होती, असा प्रश्न घरात प्रथमच उपस्थित होतो. आजोबा दुखावतात.

शेवटी आई सगळ्यांना नेमावरला नेते. नर्मदेचं नाभिस्थान ते. सिद्धनाथाच्या दारी मागितलेलं वाया जात नाही, अशी तिची श्रद्धा. आई "नर्मदे हर" म्हणून बुडी मारते. चिरंजीव कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बोटं मोजतात. "काय मागितलंस?" बाबा विचारतात. "सात मार्क." बाबा वैतागतात. "अरे, इतक्या लांब येऊन सातच?"

मे महिन्यात निकाल लागतो: 382. म्हणजे 76.4 टक्के. हिंदीत 61, पण भौतिकशास्त्राने ओढून नेलं. आई देवापुढे साखर ठेवते. चिरंजीव तासाभरात शेजारच्या अकरावीतल्या पोराला बोलावून "बोर्डाला हलक्यात घेऊ नकोस" यावर व्याख्यान देतात, तेही निवांत, मुद्देसूद, सलग वाक्यांत.

बाबा तेवढे ओट्यावर फोन हातात धरून बसलेले असतात. पुण्याहून आत्याचे दोन मिस्ड कॉल येऊन गेलेत.

"उचला ना," आई म्हणते.

"उचलतो. पण ऐंशीच्या आसपास म्हणू, की मॅनिटचंच बोलत राहू?"