जरा सरकून घ्या

दहावीत कॅल्शियमचं संरूपण २, ८, ८, २ असं लिहिलं की गुण मिळतात आणि विषय मिटतो. तिसऱ्या कवचात अठरा इलेक्ट्रॉन मावतात, हेही त्याच धड्यात पाठ केलेलं असतं. मग आठवरच थांबून उरलेले दोघे चौथ्या कवचात का पळाले, असं कुणी विचारत नाही. आमच्या घरी या दोघांची चौकशी लेक अकरावीला गेल्यावर लागली.

आता कवचांत कक्षक आले, कक्षकांच्या चौकटी आल्या, चौकटींत वर-खाली तोंडाचे बाण आले. हुंडचा नियम असा, की सारख्या ऊर्जेच्या चौकटींत आधी एकेकानं बसायचं, जोड्या नंतर. हे शिकवताना एसटीचा दाखला देण्याची पद्धत आहे: प्रवासी आधी रिकामी बाकं धरतात म्हणे. दाखला देणारा सणासुदीला स्वारगेटवर कधी गेला नसावा. तिथं माणसाआधी खिडकीतून त्याचा रुमाल चढतो, आणि एक रुमाल अख्खं बाक अडवतो. शिवाय दोघांच्या बाकावर ‘जरा सरकून घ्या’ म्हणत तिसरा टेकतोच. अणूत ही सोय नाही. एका कक्षकात दोनच, तेही उलट्या फिरकीचे, असं वोल्फगांग पाउलीनं १९२५ साली बजावलं आणि त्याबद्दल त्याला १९४५चं नोबेल मिळालं. एसटीत ‘उभे प्रवासी’ इतकेच, असं रंगवून ठेवणाऱ्याला मात्र कुणी हिंग लावून विचारलं नाही.

तिसऱ्या कवचातल्या ३डी कक्षकांच्या आधी चौथ्यातला ४एस भरतो, कारण कवचाच्या आकड्यात एसचा शून्य, डीचे दोन मिळवायचे: चार अधिक शून्य चार आणि तीन अधिक दोन पाच. लहान बेरीज पुढे. एवढं पटतंय न पटतंय तोच चोविसावं क्रोमियम ४एसमधला एक गडी ३डीत धाडतं आणि पाचही चौकटींत एकेक बाण उभा करतं. अर्धं भरलेलं अधिक स्थिर, असं त्याचं कारण देतात. माझा त्यावर पुरता विश्वास नाही. क्रोमियमच्याच गणातलं टंगस्टन ५डीत चार आणि ६एसमध्ये दोन ठेवून निमूट बसलंय, त्याला अर्ध्याचा मोह पडत नाही. पण टंगस्टन परीक्षेला नसतं. शेजारचं सरळमार्गी मँगनीजही क्वचितच. प्रश्न काढणाऱ्यांचा जीव क्रोमियम आणि तांब्यावर.

परवा लोखंडापाशी गाडी अडली. दोन इलेक्ट्रॉन काढायचे, तर ते ४एसमधले.

“आधी आत गेले तेच आधी बाहेर?”

मी सरसावून बसलो. केंद्रकाचा प्रभार वाढतो तसा ३डी खाली ओढला जातो, स्कँडियमपासून पुढे तो ४एसच्या खालीच असतो, वगैरे सांगितलं.

“खाली आहे, तर मग भरताना ४एस आधी का लिहायचा?”

“बाण काढ,” मी म्हणालो. “वरच्या तोंडाचे आधी.”