गुरुजी ऊसतोडीला गेलेत

पुण्या-मुंबईतली शिकलेली पोरं हल्ली नोकरीतून सुट्टी काढून सेंद्रिय शेतीवर राबायला परदेशी जातात. पोर्तुगालमध्ये ऑलिव्ह तोडायचे, इटलीत द्राक्षाच्या वेली बांधायच्या. बदल्यात राहायला खोली आणि जेवण. पगार नाही. हे सगळं जुळवून देणारी 'वूफ' ही चळवळ लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या सू कोपर्ड यांनी १९७१ साली सुरू केली. शहरातल्या माणसांनी शनिवार-रविवार शेतावर जाऊन मातीत हात घालावेत, एवढाच तेव्हा हेतू होता. आज ती जगभर पसरली आहे.

या पोरांनी जाऊ नये असं मी म्हणणार नाही. घाम गाळून शिकलेलं अंगात राहतं. फक्त दोन गोष्टी त्यांनी माहीत करून घेऊन विमानात बसावं. एक, अनेक देश जेवणाच्या बदल्यात केलेलं काम नोकरीच धरतात, त्यामुळे पर्यटक व्हिसावर गेलात तर विमानतळावरून परत पाठवू शकतात. दुसरी जास्त महत्त्वाची. आपण शिकायला निघालोय ते ज्ञान तिकडे कुठून गेलं?

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत रुजू झाले. आले होते इथली शेती सुधारायला. आसपासच्या शेतकऱ्यांची पिकं फवारणीशिवाय निरोगी उभी आहेत हे त्यांनी पाहिलं आणि त्या शेतकऱ्यांनाच गुरू केलं. तसं त्यांनी लिहूनही ठेवलं आहे. पुढे १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला त्यांनी शेण, पालापाचोळा, गोठ्यातली मूत्रमाती यांपासून कंपोस्ट करण्याची रीत बसवली. जगात ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. १९४० साली त्यांचं पुस्तक आलं, १९४६ साली इंग्लंडात 'सॉइल असोसिएशन' उभी राहिली, आणि तिकडच्या सेंद्रिय शेतीने बाळसं धरलं. म्हणजे आपला शेतकरी त्या चळवळीच्या मुळाशी आहे. त्याला ना कोणी मानधन दिलं, ना त्याचं नाव लिहून ठेवलं.

त्या शेतकऱ्याचं ज्ञान आजही पाहायचं तर बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याला या. बालाघाटच्या डोंगरावर सीताफळ आपोआप येतं. त्याला कोणी पाणी देत नाही, खत देत नाही. जनावर त्याचा पाला खात नाही म्हणून ते माळावर टिकतं, आणि त्याच पाल्याचा अर्क दुसऱ्या पिकांवर कीडनाशक म्हणून चालतो. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. खाली रानात बाजरीत तूर, मटकी, हुलगा. रब्बीला जमिनीतल्या ओलीवर येणारी ज्वारी. दाणा माणसाला, कडबा बैलाला, शेण पुन्हा रानाला. कमी पाण्यात आणि कमी पैशात कसं जगायचं, याचा अभ्यासक्रम इथे उघड्यावर पडला आहे. मजुरीऐवजी जेवणावर काम करण्याची रीतही आपल्याला नवी नाही. इर्जिक घालायची, गावाने मिळून एकाचं अडलेलं रान उरकायचं, आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांनी हे हाताने केलेलं आहे.

मग शिकायला इथे का येत नाही कोणी? कारण शिकवणारा घरी नाही.

सीताफळ पिकतं दसरा-दिवाळीच्या सुमारास. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो तोही त्याच सुमारास. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवराबायकोचा मिळून एक 'कोयता' धरतात. डोंगरावरची फळं टाकून तो कोयता सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतो. मागे उरतात म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरं. ज्वारी काढायला येते तेव्हाही माणसं उसाच्या फडातच असतात.

मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. तिचं पाणी उतरत जातं आणि पुढे लातूरच्या बाजूला त्यावर ऊस पिकतो. तो इतका पिकला की एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. उगमाकडचा माणूस कोरडवाहू शेती करतो, निसर्गाला कमीत कमी ओरबाडतो, आणि पोट भरायला सर्वांत तहानलेलं पीक तोडायला जातो. मराठवाड्याच्या पाण्यावर इतका ऊस लावणं चूक आहे, आणि ती चूक निस्तरण्याचे कष्ट ज्याने ती केलीच नाही त्याच्या पाठीवर आहेत.

'वूफ'चा दंडक पाहा. पगार नसला तरी काम दिवसाला साधारण चार ते सहा तास, छप्पर पक्कं, जेवण ठरलेलं. तिथे ही किमान अट आहे. आपला ऊसतोड कामगार पहाटेच्या अंधारात फडात उतरतो, गाडी भरेपर्यंत तासांचा हिशेब नाही. राहायला कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी. आजारपणात दिवस बुडाला तर 'खाडा', म्हणजे उलट दंड. पाळीच्या दिवसांतही खाडा पडतो. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीडमधल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. विनापगारी पाहुण्याला परदेशात मिळतात ते तास आणि ते छप्पर आपण पगारी मजुराला देत नाही, ही लाज आहे. कारखान्यांच्या करारात कामाचे तास, पक्का निवारा, संडास आणि खाड्यावर बंदी लिहिलीच पाहिजे.

शिक्षणाचं म्हणाल तर आपली कृषी महाविद्यालयं शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना गावात पाठवतात. 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' असं त्याला म्हणतात. योजना चांगली, दिशा उलटी. हे कृषिदूत आणि कृषिकन्या शेतकऱ्याला बीजप्रक्रिया शिकवतात, माती कशी तपासायची ते दाखवतात, फोटो निघतो, बातमी छापून येते. त्यांतल्या कितीजणांनी अख्खं खुरपण उरकलं असेल? वही मिटून एक हंगाम पाटोद्याच्या माळावर राबण्याची सक्ती परभणीच्या कृषी विद्यापीठाने करावी, आणि मूल्यमापनाचे निम्मे गुण ज्याच्या रानात राबले त्या शेतकऱ्याच्या हाती द्यावेत.

राज्याचा कृषी विभाग शेतकऱ्यांना परदेशी अभ्यास दौऱ्यासाठी अनुदानही देतो. साधारण निम्मा खर्च सरकारचा, उरलेला शेतकऱ्याचा. उचल फेडणारा माणूस तो उरलेला निम्मा कुठून आणणार? हा पैसा थोडा इकडेही वळवा. कोरडवाहू शेतकऱ्याला शिक्षक म्हणून मानधन द्या, शिकायला येणाऱ्यांना त्याच्या घरी ठेवा. दिवाळीत चार पैसे हाती येणार असतील तर उचल घेणारे हात थोडे तरी कमी होतील.

आणि परदेशी निघालेल्या मुलामुलींनो, तिकीट काढण्याआधी एक पावसाळा पाटोद्याला द्या. मृगापासून दसऱ्यापर्यंत माणसं घरी असतात. पेरणी, कोळपणी, खुरपणी, जे पडेल ते काम फुकट करा. राहण्या-जेवणाचे पैसे मात्र द्या, आणि निघताना कोचिंग क्लासला मोजता तशी शिकवणीची फी त्या घरात मोजून द्या.