वहिनी, सेल्फ फिरतो का?

“वहिनी, काल तिन्हीसांजेला तुमच्या दारात बरीच पोरं जमली होती. कुणाची वरात?”

“वरात कसली भावजी! मामंजींची पद्मिनी ढकलत आत घेतली. नरसिंहपूरला आमच्या पोरीचं ते प्री-वेडिंग होतं ना. संगमावर फोटो झाले, देवळापाशी झाले, आन् निघायच्या वक्ताला गाडी लागंना. जावईबापू शेरवानीत, मागून धक्का देतायत. फोटोवाल्यानं तेवढेच फोटो मन लावून काढले म्हणं.”

“मग लागली का धक्क्यानं?”

“कुठली! बॉनेट उघडून बसले सगळे सावलीत. बऱ्याच वेळानं लागली. दारात आल्यावर ह्यांनी बंद केली, गेट उघडलं, तर परत तेच. आज सकाळी मात्र चोक ओढला आन् पहिल्या सेल्फला चालू. मी सडा टाकत होते, माझ्या कानांनी ऐकलं.”

“मिस्त्री काय म्हणतो?”

“आधी बॅटरी बदलली, मग कॉइल. आता म्हणतो इंजिनकाम निघालंय. ह्यांनी मान डोलावली. उसाचं बिल अजून यायचंय, त्याच्या आधीच वाटे पाडून मोकळे!”

“वहिनी, मला एवढंच सांगा. सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरतं का कण्हतं?”

“जोरात फिरतं की. नुसतं फिरतच राहतं.”

“मग बॅटरीचे पैसे पाण्यात गेले. बॅटरी उतरली असली, टर्मिनलवर गंज चढला असला किंवा अर्थची पट्टी ढिली असली, तर सेल्फ रडतो, नाहीतर नुसता कट् करून गप्प होतो. हेडलाइट लावून सेल्फ मारला की दिवे पार मिणमिणे होतात. तुमचा तर दणक्यात फिरतोय. आणि इंजिनच खलास झालं असतं, तर सकाळच्या गारठ्यात आधी अडली असती गाडी.”

“ही तापल्यावरच अडते.”

“तिथंच मेख आहे. सेल्फ फिरतोय आणि गाडी पेटत नाही, म्हणजे पेट्रोल पोचत नाही, नाहीतर करंट मरतोय. अडली की तिथल्या तिथं एक प्लग काढायचा. ओला निघाला, तर पेट्रोल येतंय. मग ठिणगी बघायची. प्लग वायरीला लावून इंजिनाला टेकवायचा, उघडा हात लावायचा नाही, आसपास पेट्रोल सांडलेलं नको. ठिणगी निळी, कडक पडली पाहिजे. पिवळी, मरतुकडी पडली तर पॉइंट घासा, कंडेन्सर बदला. गार असताना गुमान चालणारा कंडेन्सर तापला की दगा देतो.”

“आन् कोरडा निघाला तर?”

“तर पेट्रोलच वर येत नाही. ह्या गाडीचा पेट्रोल ओढणारा एसी पंप इंजिनालाच बसवलेला. उन्हातान्हातनं येऊन गाडी उभी केली की पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते. पंप वाफच ढकलत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकायचं, जरा थांबायचं. लागली, तर रोग सापडला.”

“अगं बया! मागल्या बाजारी अकलूजला अशीच अडली, तवा एका टेम्पोवाल्यानं ओलं फडकंच टाकलं होतं. लागली की लगेच! हे म्हणाले, योगायोग. आन् भावजी, तिथला तो काळा पाइप बोटाला चिकटतोय. फुगल्यासारखा दिसतोय.”

“मग ही आपल्या उसाचीच करणी! पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते उसापासनंही करतात. जुन्या गाडीचं रबर त्याला टिकत नाही. फुगतं, मऊ पडतं, चिरतं, आणि पंप पेट्रोलाऐवजी हवा ओढतो. गंमत बघा, ही गाडी कुणाची? वालचंद शेटजींच्या कंपनीची. ज्यांनी आपल्या तालुक्यात साखर कारखाना काढून वालचंदनगर वसवलं, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. ही पद्मिनी तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईत तर ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनीच्या टॅक्सीही बंद झाल्या. तुमची अजून सकाळी पहिल्या सेल्फला लागतीय, आणि तुम्ही तिचं इंजिन खोलायला निघालात!”

“मी न्हाय, हे निघालेत. मिस्त्रीला काय सांगायचं ते सांगा.”

“इंजिनाला हात लावू नको म्हणावं. आधी पाइप बदल, इथेनॉलला टिकणारा घाल, मॅनिफोल्डपासनं लांबनं ने. तेवढंच करायचं, आणि गाडी अकलूजपर्यंत पळवून आणायची. तापली की बंद करून परत लावायची. लागली तर झालं काम. न्हाय लागली तर पंपाचा डायफ्राम. एका वेळी एकच वस्तू बदलायची वहिनी. सगळं एकदम बदललं की कशानं बरी झाली ते कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या टायमाला परत सगळ्याचं बिल येतं.”

“पाइपाचं मी बोलले होते ह्यांना. तर म्हणाले, तू तुझी चूल बघ.”

“आता परत सांगा की.”

“मी न्हाय. तुम्हीच या चहाला. तुमच्या तोंडनं पटतं त्यांना. फक्त पाइपाचं आन् फडक्याचं माझ्याकडनं कळलं, असं तेवढं बोलू नका भावजी. न्हायतर त्याचाबी योगायोग व्हायचा.”